काटेपूर्णेच्या अलीकडचे स्थान

ज्या गोष्टीची मला अजून लाज वाटते, तिच्यापासूनच आरंभ करतो. माझ्या मायची नजर जवळजवळ गेली होती. सारा रस्ता ती माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून चालली होती, आणि मी तिला एका बोरीच्या बुंध्याशी नेऊन खोटे सांगितले. "माय, हेच ते," असे म्हणालो. तिने तिथल्या मातीवर कपाळ टेकले, चिमूटभर माती दोन्ही पापण्यांना लावली आणि माझा खांदा धरून उठली. आम्ही पुढे निघालो. त्यानंतर पुरा एक दिवस माझे मन मला टोचले नाही. खोटे बोलण्यापेक्षाही या एका दिवसाचे मला आज जास्त वाईट वाटते.

आम्ही एलिचपूरकडचे माळी. वांगी, मिरची, कांदे आणि थोडी शेवंती एवढीच आमची शेती. घराणे महानुभाव पंथाचे. पंथाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. सहाशे वर्षांमागे आमचे स्वामी याच मुलखात पायी हिंडले. ते जिथे बसले, जिथे भाकर खाल्ली, जिथे दुपारची झोप घेतली, ती प्रत्येक जागा लोकांनी ध्यानात ठेवली आणि तिथे दगडांचा एक हातभर उंच ओटा बांधला. त्या जागेला आम्ही स्थान म्हणतो. तिथे मूर्ती नसते, घंटा नसते. पायी जायचे, ओट्यावर कपाळ टेकायचे, क्षणभर बसायचे आणि पुढच्या स्थानाची वाट धरायची, हीच आमची यात्रा.

माझ्या बापाच्या आईने रिद्धपुरापासून आलेगावापर्यंतची स्थाने एका ओळीने करायला घेतली होती. ती अर्ध्यातून आजारी होऊन परतली ती उठलीच नाही. मरताना तिने सुनेला, म्हणजे माझ्या मायला, सांगितले की माझे राहिले ते तू कर, पण एकही स्थान सोडू नकोस, सुटले तर पहिल्यापासून धर. मायने मान हलवली होती. पुढे बाप गेला, वाडी मायच्या अंगावर आली, आणि वर्षे निघून गेली. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माणूस समोर आला की तिला नुसती हलती सावली दिसे. मी अमरावतीची शाळा संपवली होती आणि पुढे शिकायला मुंबईस जायचे ठरत होते. आमच्या घराण्यात वाचता येणारा मी पहिला आणि तेव्हा एकटाच. आजीने मठातून उतरवून आणलेली स्थानांची यादी फडक्यात गुंडाळून कोनाड्यात पडली होती. ती वाचणारा मुंबईस गेला की ती मुकी होणार, हे मायने ओळखले.

कार्तिक लागला तसे ती म्हणाली, "मुंबई काही पळून नाई जात. पह्यले मले आलेगाव दाखव."

मी दाखवायला निघालो, पण खरे सांगायचे तर भक्तीने नाही. मास्तरांनी इंग्रजीतून इतिहास शिकवला होता. त्यात राजे होते, लढाया होत्या, तह होते. कोणी एक पुरुष कोणत्या झाडाखाली बसला आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, याला इतिहास म्हणावे असे मला वाटत नव्हते. यादीत तर असल्याच नोंदी होत्या. एका गावी स्वामी पूर्वेकडे तोंड करून बसले. पुढच्या गावी नदीच्या अलीकडे थांबले, पलीकडे गेले नाहीत. एका ठिकाणी एका बाईने त्यांना ताक दिले. बाईचे नाव यादीत नव्हते, पण ताक पातळ होते हे होते. मी मनातल्या मनात हसत असे. माय मात्र त्या ताकाच्या स्थानी कितीतरी वेळ बसून राहिली आणि म्हणाली, "पातळ होतं तरी देल्लं बिचारीनं."

ते कापसाचे दिवस होते. अमेरिकेत लढाई चालली होती आणि तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला होता, म्हणून आमच्या वऱ्हाडचा कापूस सोन्यासारखा झाला होता. गायराने मोडली, शेतांच्या कडेचे धुरे नांगरले गेले, पायवाटा वावरांत गडप झाल्या. कोणी गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली असे ऐकू येई, पण ती चाके कधी माझ्या डोळ्यांनी पाहिली नाहीत. पाहिले ते एवढेच की बडनेऱ्यापासून पुढे गाड्यांची रांग तुटत नव्हती. डोक्यापेक्षा उंच भरलेल्या गाड्या मंद झुलत जात आणि वाटेवरच्या बाभळी त्यांना ओरबाडून घेत. प्रत्येक काट्यावर कापसाचा पुंजका राही. सकाळी धुके असे, त्यात बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत, गाडी मात्र दिसत नसे. उजाडता उजाडता धुके कुठे संपले आणि कापूस कुठे सुरू झाला हे कळत नसे. अशा वेळी मायचा हात माझ्या खांद्यावर असे आणि तिला न दिसणारे आणि मला दिसणारे यांत फारसा फरक उरत नसे.

चालता चालता लोक भेटत आणि आपापल्या गावच्या गोष्टी सांगत. ही विहीर एका लमाणाने बैल मेला त्याच्या नावे खोदली. या नाल्यात पाणी असते पण कोणी पीत नाही, का ते कोणाला ठाऊक नाही. पुढे बाळापुरास दोन नद्यांच्या संगमावर कुण्या रजपूत राजाची छत्री आहे, तिच्या खांबांत दुपारी वारा बोलतो. रेल्वेचा भराव पडत होता, त्यावरचे मजूर दूरच्या मुलखातले होते आणि आम्हालाच गावांची नावे विचारत. मी हे सारे ऐकून घेई. शाळेच्या सवयीने यादीच्या कोऱ्या बाजूवर टिपूनही ठेवी. माय विचारी, "काय लिवतं?" मी म्हणे, "गंमत." तिला ते आवडत नसे.

मूर्तिजापूर मागे पडले. काटेपूर्णा नदी एक-दीड कोस उरली असताना यादीत एक स्थान होते. त्याची खूण अशी दिली होती: गावच्या पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या, उत्तरेस, जुन्या आडाच्या पश्चिमेस, बोरीखाली ओटा, स्वामी येथे ऊन उतरेतो बसले. आम्ही गेलो तेव्हा भर दुपार होती. आड बुजवला होता आणि दोन शेते पलीकडे नवी विहीर खोदली होती. बोरी एक सोडून चार होत्या. जिकडे पाहावे तिकडे खांद्याएवढ्या कापसाच्या पऱ्हाट्या, बोंडे फुटून पांढऱ्या झालेल्या. मायला धुऱ्यावर सावलीत बसवून मी वावराच्या मालकाला गाठले. माझ्याशी तरी तो भलेपणाने बोलला. पागोटे मागे सारून म्हणाला, "ओटा व्हता बाप्पा. माह्या बापानं काहाडला. वखराले आडवा येत व्हता."

"कुठे होता?"

"आता काय सांगू! मी लहान व्हतो. तवा तीन वावरं व्हती, आता सारं एकच करून टाकलं."

मी झोळीतून दोर काढला. शाळेत मला जमीन मोजायला थोडे शिकवले होते, त्याचा मला अभिमान होता. बुजलेला आड कुठे असेल याचा अंदाज बांधला, पश्चिमेकडे दोर टाकला, पुन्हा टाकला. कधी पऱ्हाट्यांच्या मध्ये पोचलो, कधी नाल्यात. वावराच्या दुसऱ्या टोकाला बाया कापूस वेचत होत्या. त्यांना विचारावे असे माझ्या मनातही आले नाही. मालकालाच ठाऊक नाही ते रोजाने येणाऱ्या बायांना काय ठाऊक असणार? ऊन डोक्यावर आले. मायचे पाय सुजले होते. एक स्थान सुटले असे सांगितले तर ती परत रिद्धपुरास जाईल आणि पुन्हा पहिल्यापासून निघेल, हे मी तिला ओळखून होतो. ते तिच्या पायांना झेपणार नव्हते. मग मी धुऱ्यावरची त्यातल्या त्यात म्हातारी बोर निवडली आणि मायचा हात धरून तिला तिथे नेले.

मला तेव्हा वाटले, मी दया केली. आता कळते की ती माझी सुटका होती.

त्या दिवशी माय हलकी होऊन चालली. काटेपूर्णेच्या काठच्या गावात आम्ही राहिलो आणि सकाळी गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडली. पाण्यात उभी राहून ती म्हणाली, की काल बोरीखाली कपाळ टेकले तेव्हा डोळ्यांत गार वाटले, कोणी वाळ्याचा पडदा सोडावा तसे. मी "हं" म्हणालो. पाण्यावर कापसाचे तंतू तरंगत होते, ते तिच्या पायांना चिकटले, आणि मी वाकून ते काढले. इतका शांत मी त्या क्षणी होतो.

दुपार कलता आम्ही पुढच्या गावच्या मठीत पोचलो. मठी म्हणजे कुडाच्या भिंतींची दोन खोल्यांची जागा. तिथे आमच्या पंथाची एक तपस्विनी उतरली होती. काळी वस्त्रे, पांढरे केस, आणि चालून चालून सागाच्या पानासारखे झालेले पाय. दंडवत झाला. तिने मायला कुठून आलात, कुठली कुठली स्थाने झाली ते विचारले. माय एकेक सांगू लागली. काटेपूर्णेच्या अलीकडचे स्थान तिने सांगितले तशी तपस्विनी चटकन पुढे सरकली.

"सापडलं? तुम्हांले सापडलं ते?" तिने मायचे दोन्ही हात धरले. "दोन हिवाळे झाले मी त्या वावरात फिरून राहिली. मालक हाकलते, ओटा दिसत नाही. मी तर आशा सोडली होती."

"माह्या लेकानं शोधलं," माय म्हणाली. तिच्या आवाजात असा काही अभिमान होता की तो आवाज मला अजून ऐकू येतो. "शिकेल हाय. दोर घेऊन मोजलं त्यानं."

तपस्विनीच्या डोळ्यांना धार लागली. तिने आपल्या झोळीतून पोथी काढली. तीत स्थानांच्या खुणा तिच्याच हातच्या होत्या, आणि त्या एका स्थानापुढे जागा कोरी ठेवलेली होती. दौत आणि बोरू तिने माझ्यापुढे ठेवले. "बाबू, तूच लिही. तुझं अक्षर चांगलं असंल. इथून पुढे जो येईल तो हे वाचूनच जाईल. माझ्या मागून माझ्या शिष्यिणी जातील. लिही, कोणती बोर, धुऱ्यापासून किती हात."

मी बोरू शाईत बुडवला. मास्तरांनी अक्षर घोटून घेतले होते, माझे अक्षर खरेच चांगले होते. आतापर्यंत मी एका म्हातारीला फसवले होते, तिच्या पायांच्या काळजीने फसवले असे म्हणून मनाची समजूत घातली होती. आता मी जे लिहिणार होतो ते तिच्यानंतर, माझ्यानंतर, पुढल्या सहाशे वर्षांच्या लोकांचे कपाळ एका भलत्याच मातीवर टेकवणार होते. ताक पातळ होते हेसुद्धा कोणीतरी खरे म्हणून जपले होते. ज्या नोंदींना मी हसत होतो त्यांतली एकही कोणी मनाने रचलेली नव्हती. रचलेली पहिली नोंद माझी असणार होती. बोरूच्या टोकावर शाईचा थेंब जमला आणि तो कागदावर पडू नये म्हणून मी हात बाजूला नेला. तो थेंब जमिनीवर पडला.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "स्थान मला सापडलं नाही. मी कोणतीही बोर दाखवली."

तिने बोरू माझ्या हातातून घेतला, पुसला आणि ठेवला. मायने तोंड जमिनीकडे वळवले. मग म्हणाली, "अन् ते डोळ्यांत गार वाटलं ते?"

मी जमिनीवरचा शाईचा थेंब बोटाने पुसू लागलो.

"तू मले आंधळी समजला ते ठीक हाय. आंधळीच हावो. पण तू मले लहान लेकरू समजला. लेकराले चूप बसवाले काही बी देतेत, तसं." एवढेच बोलून तिने फडक्यात गुंडाळून कमरेला बांधलेली यादी सोडली आणि चाचपत ती तपस्विनीच्या मांडीवर ठेवली. "आतापासून तुमी वाचा, बाई."

सकाळी आम्ही उलट्या वाटेने निघालो. तपस्विनीही आमच्याबरोबर आली. माय आता तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. मी मागून पाणी आणि गाठोडे घेऊन चालत होतो, आणि माझा खांदा मला उगाच हलका लागत होता. नदी पुन्हा लागली. कालचेच पाणी, कालचेच तंतू, पण ते काढायला मला कोणी पाय पुढे केला नाही. मुंबईस जाऊन पुढे मी पुष्कळ परीक्षा दिल्या, काहींत नापासही झालो, पण त्या नदीतल्या चालण्याइतके अवघड मला काही गेले नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून मागणे मागितले ते त्या पाण्यात. स्थान सापडू दे असेही ते मागणे नव्हते. माझ्याने होत नाही, आता तू पाहा, एवढेच होते.

रात्र पुन्हा काठच्या गावात काढली, आणि दुसऱ्या सकाळी वावराशी पोचलो तेव्हा धुके निवळत होते. पऱ्हाट्यांच्या मधून सात-आठ बाया कमरेला कापडाची ओटी बांधून वेचत पुढे सरकत होत्या. बोंडावर हात जाई, कापूस ओटीत पडे, दुसरा हात तोवर पुढच्या बोंडावर असे. धुक्यात त्यांचे हात तेवढे दिसत. आम्हाला धुऱ्यावर उभे पाहून त्यांतली एक थोराड बाई ओरडली, "काय गा मास्तर, त्या दिशी बी आलता! काय हरपलं वावरात, बायको का?"

सगळ्या हसल्या. माझ्या अंगातल्या कोटावरून तिने मला मास्तर ठरवले होते. तपस्विनी म्हणाली, "बायको नाही वं, देवाची जागा हरपली."

"आमच्या वावरात देव? असता त मालकानं त्याच्यावर बी सरकी टोबली असती!" पुन्हा हशा झाला. ही गिरजाबाई. वय पन्नाशीचे असेल. ती वेचता वेचताच बोलत होती, हात थांबत नव्हता. मी तिला ओट्याची, आडाची, बोरीची सगळी हकीकत सांगितली. तिने मान हलवली. "ओटा-बिटा मले नाई मालूम. म्या पाह्यलाच नाई. अन् तू त्या दिशी मायले बशवलं ना, त्या बोरीखाली आमी भाकर खातो. तिथं देव असता त चटणीच्या वासानंच उठून गेला असता."

मी खाली मान घातली. तेव्हा माय पुढे झाली. पऱ्हाटीला हात लावत लावत ती गिरजाबाईच्या आवाजाशी गेली आणि तिने विचारले, "बाई, ह्या वावरात सरकी कोन सोडते? तूच का?"

"हाव. लगन होऊन आली तवापासून मीच. माह्या आंधी सासू सोडे."

"मंग सांग मले. सोडता सोडता तुहा हात कुठी थांबते?"

इथे वाचकांना एवढे सांगायला हवे की आमच्याकडे पेरणीच्या वेळी वखरामागे बांबूच्या पोकळ नळ्या बांधतात. बैल पुढे चालतात, आणि बाया मागून चालत शेणमातीत घोळलेली सरकी मुठीमुठीने त्या नळ्यांत सोडत जातात; पेरलेल्या त्या एकेका ओळीला तास म्हणतात. माणूस वखर हाकतो, त्याचे लक्ष बैलांवर असते. दाणा कुठे पडला आणि कुठे पडला नाही हे मागून चालणाऱ्या बाईच्या मुठीलाच ठाऊक असते.

गिरजाबाईचा हात त्या सकाळी पहिल्यांदा थांबला. ती मायकडे पाहत राहिली. "तुले कोनं सांगतलं?"

"कोनं नाई. मी बी हातानंच पेरत आली."

"थांबते," गिरजाबाई हळू आवाजात म्हणाली. आता ती हसत नव्हती. "दोन तासांत थांबते. तीन हात जागा असंन. तिथं आली का मूठ झाकतो, अन् तेवढं गेलं का पुना उघडतो."

"काहून?"

"काहून म्हंजे? सासू झाके म्हून. तिनं सांगतलं, इथं झाकजो, म्या झाकली. तिले बी तिच्या सासूनं सांगतलं असंन. मालकाले मालूम नाई हां! तो म्हनते इथं पऱ्हाटी उगवत नाई, जमीन खराब हाय." ती ओटी सावरत आत वळली. "या मांगं मांगं. झाडं मोडू नका, तो वरडते."

आम्ही तिच्यामागे गेलो. पांढऱ्या बोंडांनी भरलेल्या फांद्या दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होत्या, मागे मिटत होत्या, आणि दहा पावलांत धुरा दिसेनासा झाला. दुधात चालल्यासारखे वाटत होते. एके ठिकाणी गिरजाबाई थांबली आणि तिने दोन्ही हातांनी फांद्या बाजूला केल्या. बाहेरून काहीच कळले नसते, शेजारच्या झाडांनी वरून ती जागा झाकून टाकली होती. खाली तीन हात काळी जमीन मोकळी होती. एकही पऱ्हाटी नव्हती, दगड नव्हता, खूण नव्हती. नुसती भेगाळलेली काळी माती, आणि तिच्यावर फांद्यांतून उतरलेले थोडे ऊन.

यादीतल्या खुणांशी ती जागा जुळते का, हे मला मोजून पाहता आले असते. दोर माझ्या झोळीत होता. मी तो काढला नाही. कोणी मला भित्रा म्हणेल, कोणी भाबडा म्हणेल. मला त्या घडीला एवढेच दिसले की ज्या हातांना का ते ठाऊक नव्हते, ज्यांना कोणी शाबासकी दिली नव्हती, त्या हातांनी पेरणीमागून पेरणी एक जागा रिकामी ठेवली होती. ओटा फुटला, आड बुजला, बोर तुटली, कापसाच्या भावाने गावाला वेड लागले, तरी दरवर्षी तिथे मूठ मिटली. मोजायचे ते काय उरले होते?

मायला बसवावे लागले नाही. ती स्वतः वाकली, तळहात मातीवर पसरले, आणि त्यांच्यामधे कपाळ टेकले. तपस्विनी तिच्या शेजारी दंडवत घालून पडली. गिरजाबाई फांद्या धरून उभीच होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पलीकडच्या तासातून बायांचे बोलणे ऐकू येत होते, मग तेही थांबले. माय उठून बसली तेव्हा मला वाटले ती डोळ्यांत गार वाटले का ते सांगेल. तिच्या गालांवर माती होती आणि ती तिने पुसली नाही.

"कोन बसे इथं?" गिरजाबाईने विचारले.

मायने तिला स्वामींविषयी सांगितले. ते कसे एकटे पायी हिंडत, कोणाचीही भाकर खात, कोणाला उच्च-नीच म्हणत नसत, आणि कसे एका दुपारी इथे ऊन उतरेपर्यंत बसले. गिरजाबाई लेकराने ऐकावे तसे ऐकत होती. मग तिने कमरेची ओटी सोडून बाजूला ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि खाली बसली.

"पाह्य बरं," ती मातीकडे पाहत म्हणाली, "इतके साल आमी त्याची जागा राखून राह्यलो, अन् आमालेच कोनं सांगतलं नाई."

मी मागे उभा होतो. यादीत लिहिलेले सगळे मला वाचता येत होते आणि मी एकही जागा राखली नव्हती. मी पुढे होऊन गिरजाबाईच्या पायांवर डोके ठेवले. तिने घाबरून पाय ओढून घेतले. "अरे, काय करतं मास्तर! देव तिकडं हाय!" तिच्या त्या ओरडण्याने तपस्विनी हसली, माय हसली, आणि फांद्यांआडून डोकावणाऱ्या बायाही हसल्या. मीही रडत रडत हसलो.

तपस्विनी तिथे राहणार होती. दोन हिवाळे जागा शोधण्यात गेले होते, तेवढे बसणे तिला बाकी होते. निघताना तिने यादी मायच्या हातात दिली. मायने ती काही वेळ तशीच धरली. फडके चाचपले, गाठ चाचपली. आम्ही धुऱ्यावर आलो होतो. ऊन वर आले होते, आणि गाड्यांची रांग नदीकडे निघाली होती. मायचा हात हवेत माझा खांदा शोधत आला, सापडला, आणि तिथे टेकला. दुसऱ्या हाताने तिने यादी माझ्यापुढे केली.

"वाच," ती म्हणाली. "म्होरचं कोनतं हाय?"

मी वाचले. जे लिहिले होते तेवढेच वाचले. अडले तिथे अडले असे सांगितले. आलेगावापर्यंत तीन स्थाने मला चटकन सापडली नाहीत. तिन्ही वेळा मी मायला तसे सांगितले, तिन्ही वेळा वावरातल्या, पाणवठ्यावरल्या बायांना विचारले, आणि तिन्ही सापडली. आलेगावी पोचून तिने शेवटचा दंडवत घातला तेव्हा सासूचे नाव घेतले, मग माझे. त्याच फाल्गुनात मी मुंबईस गेलो. गुरुजनांच्या कृपेने पदवी मिळाली, नोकरी मिळाली, चार माणसांत मान मिळाला. ज्यांनी मला अक्षर दिले त्यांचे ऋण मोठे आहे. पण मला कोणी विचारले की तुला देव कुठे भेटला, तर मला एवढेच सांगता येते की मी त्याला शोधून काढला नाही. मला येत नाही, मला ठाऊक नाही, असे ज्या दिवशी माझ्याने म्हणवले, त्या दिवशी कोणीतरी फांद्या बाजूला करून मला आत घेतले. त्या हातांना, माझ्या मायला आणि त्या मातीला माझा दंडवत.